सासूबाईंनी फ्लोट कानाला लावला

...आणि पुन्हा टप्! आता काय सांगू तुम्हाला, चौथ्यांदा जोडातली चकती, ते गॅस्केट बदललं, स्क्रू असे आवळले की मनगट सुजलं, साबण चोळून झाला, चिकटपट्टी गुंडाळून झाली, खाली वर्तमानपत्र पसरलं, श्वास धरून बसलो, म्हटलं, थांबलं बुवा एकदाचं... टप्! पेट्रोल! कार्बोरेटरच्या बुडातनं! आणि गाडी काय माझी आहे का हो? सासऱ्यांची! पन्नास वर्षांची! तिच्या बॉनेटवर ते कुणाला चहाचा कप ठेवू देत नाहीत. "चटका बसतो तिला," म्हणतात. गाडीला!

त्यात आमचा मेव्हणा. त्याचं आपलं एकच, "भावोजी, खाली पेट्रोल गळतंय, वर गॅस पेटतोय, एक दिवस सगळेच उडू! मी भंगारवाल्याला सांगितलंय. रविवारी दहाला येतोय." झालं! सासऱ्यांनी खुर्ची ओढली, गॅरेजच्या दारात गाडीकडे तोंड करून बसले, ते जेवायलासुद्धा उठेनात. म्हाताऱ्या माणसाचा तो चेहरा बघवेना हो मला, आणि मी बोलून गेलो, "रविवारी दहाच्या आत गळती बंद! माझी जबाबदारी!" बायको कानाशी पुटपुटली, "अहो, तुम्हाला सायकलची चेन बसवता येत नाही..."

आता एक खरं सांगतो, पण घरात बोलू नका. माझा धंदा दारावरच्या पितळी पाट्यांचा. पितळ काळवंडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात, काय करू? महिन्यापूर्वी मीच हौसेनं कार्बोरेटर साफ करायला उघडला होता. आत बघतो तर लिंबाएवढा एक पोकळ पितळी डबा, त्याला फ्लोट म्हणतात. काळाकुट्ट! म्हटलं, छे, हे काय! नेला दुकानात, धरला पॉलिशच्या चाकावर, आरसा केला आरसा! बसवला परत. दुसऱ्या दिवसापासून टप्! पण पॉलिशचा आणि गळतीचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात यावं कसं? इतकी चकचकीत वस्तू वाईट वागेल कशाला, मला सांगा!

उजाडला रविवार. सकाळी सात. डॉक्टरांचा दम होता म्हणून सासरे रोजच्यासारखे तासभर फिरायला गेले. मी गाडीखाली उताणा, पाचवं गॅस्केट, आणि थेंब बरोबर माझ्या कपाळावर... टप्! तेवढ्यात शेजारी दोन चपला येऊन उभ्या राहिल्या. सासूबाई! वीस वर्षांत ही बाई माझ्याशी चाळीस वाक्यं बोलली असेल, त्यातली तीस "अजून भात वाढू का?" अशी. आणि त्या म्हणतात, "जावईबापू, बाहेर या. तो पाना ठेवा. तुमच्याच्यानं ते होणे नाही."

मी निघालो बाहेर. आणि तुम्हाला सांगतो, पुढचं जे बघितलं ना, अजून अंगावर काटा येतो. बाईंनी कार्बोरेटर असा उघडला, जसा आपण जेवणाचा डबा उघडावा! स्क्रू काढले त्याच क्रमानं झाकणात मांडले, फ्लोट उचलला, कानाशी नेऊन हलवला, डोळे मिटले. "ऐका," म्हणाल्या. मी कान लावला. चुळुक!

"आत पेट्रोल शिरलंय. हा या पेट्रोलच्या वाटीत तरंगला पाहिजे. तरंगला की वरची सुई दाबली जाते, पेट्रोल थांबतं. हा बुडतोय, म्हणून वाटी भरून वाहतेय. बाहेरनं तुम्ही किती आवळाल?" मग फ्लोटकडे बघितलं. मग माझ्याकडे. "याचा आरसा कुणी केला?" मी छताकडे बघत राहिलो. छत बरं होतं.

त्यांनी आतनं कढत पाण्याचं पातेलं आणलं, अंगणात ठेवलं, चिमट्यानं फ्लोट त्यात बुडवला. आणि काय सांगू! त्या आरशासारख्या पितळातनं, जिथं मला भिंग लावूनही काही दिसलं नसतं, तिथनं एक बुडबुडा... मागोमाग दुसरा... मग बारीक माळच लागली! सुईच्या टोकाएवढं भोक! माझ्या पॉलिशनं झिजून पडलेलं! एवढ्याशा भोकानं एवढी मोठी गाडी भंगारात चालली होती! माझे हात जोडायचेच राहिले होते. बाईंनी पुन्हा पुन्हा बुडवून आतलं सगळं पेट्रोल बाहेर काढलं, वास जाईपर्यंत वाळवला, आणि भोकावर कथील वितळवून डाख दिला, मोहरीएवढा! "जास्त दिला तर जड होऊन परत बुडेल," म्हणाल्या. हात जरा हलेल तर शपथ!

"आई, हे तुम्हाला येतं?"

"गाडीबरोबर पुस्तक आलं होतं. यांनी गाडी पुसली, मी पुस्तक वाचलं."

"पण बाबा तर म्हणतात, गाडी कधी बिघडलीच नाही!"

"त्यांच्यासमोर नाही बिघडली. ते रोज तासभर फिरायला जातात ना."

पन्नास वर्षं! अहो, पन्नास वर्षं!  बाई स्क्रू आवळता आवळता म्हणाल्या, "तुमचं पॉलिश मी सांगत नाही. माझं तुम्ही सांगू नका. त्यांच्या सुखात बिघाड कशाला?"

सासरे आले, तेव्हा त्या आत भाजी चिरत होत्या. खाली पसरलेलं वर्तमानपत्र कोरडं ठणठणीत! दहाला भंगारवाला आला, त्याच्या नाकासमोर सासऱ्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी अशी काही गुरगुरली, की तो आल्या पावली परत! मेव्हणा वाकून वर्तमानपत्र चाचपतोय. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी भर अंगणात मला मिठी मारली, "जावई नव्हे, जादूगार आहे जादूगार!" मी खिडकीकडे बघितलं. आत सुरी एकदासुद्धा थांबली नाही.

आणि लगेच सासऱ्यांनी लावला जुनी गाडीवाल्या दोस्ताला फोन! "हॅलो, अरे, आमच्या जावयांनी आत्ता... हो हो, तुझीही आण! त्या दोघांनाही सांग! तिघंही या उद्या आपापल्या गाड्या घेऊन!"

मी मुकाट्यानं मोरीत जाऊन काळ्या हातांना साबण लावला, तर मागनं सासूबाईंचा आवाज, "जावईबापू, आता कशाला धुताय?"