पुंजाजीभाऊचं झिजलेलं टायर

...आता तुमीच सांगा, सायकलीचं टायर बदलाव म्हटलं तं मानसाचं तोंड असं व्हावं काय, जसं कोनी त्याची बैलजोडीच बजारात नेऊन राह्यलं? तुमाले सांगतो, आमचे जऊळक्याचे पुंजाजीभाऊ, माया भिंतीले भीत लागून त्याईचं घर, सोयाबीन-तूर पिकवनारा साधासुधा मानूस, पन सुनेच्या सायकलीच्या मांगच्या टायरचा इषय निंगाला का मंग समोरचा चा थंडा होते, टेसनातली गाडी निंगून जाते, अन् हा मानूस काही जाग्यावरून हालत नाही!

सून म्हंजे वर्षाराणी, विकासची बायको. लग्नाच्या पह्यलेपासून शर्यतीची सायकल चालवते, थे बारीक टायरवाली, अन् टायरात ट्यूबच नाही. हो, नाहीच! आत निरा हवा अन् दुधासारखं पांढरं औषध, काटा रुतला का थे औषधच भोक बुजवते, अन् आपल्याकडे बाभळीचे काटे काय कमी हाये? तं थे बाई रोज फटफटाच्या आंदी निंगते, वाशीमले जाऊन परत येते अन् मंग भाकरी थापाले बसते. सासू, म्हंजे रंगूबाई, सुरवातीले लय कुरकुरे... चार लोकं काय म्हनतीन, अन् थे आखूड प्यांट काय, अन् डोक्यावर थे टोपलं काय... पुंजाजीभाऊ म्हने, म्हनू दे, चार लोकाईले वाशीमचा चढाव चढून दाखवाले सांग.

तं एवढी सायकल चालल्यावर टायर झिजनच ना? झिजलं. मधातून निरा सपाट झालं, नक्षी पुसून गेली, एका जागी तं आतलं सूत दिसाले लागलं. वर्षाराणी म्हने, मामाजी, आता हे बदलाव लागते. विकासनं अकोल्याहून नवं टायर आनलं बी. अन् या मानसानं काय कराव? नवं टायर उचललं, आपल्या कपाटात कोंबलं अन् वरून कुलूप! काहून म्हने? तं म्हने, 'घरात उभं राहून नाही झिजलं थे!'

मंग काय, तुमाले सांगतो, रोज संध्याकाळी सायकल हातात धरून हे टेसनावरच्या चाच्या टपरीवर हाजर. जो येईन त्याचा अंगठा धरून टायरवर फिरवाचा. आमचे रविकांत मास्तर, धुतल्या-इस्तरीचा मानूस, थे आपले नाकातून बोलतात, 'अहो पुंजाजी, बोट काळं झालं ना माझं,' तं हे म्हने, होऊ द्या मास्तर, हा सपाटपना वाशीमच्या चढावाचा, अन् हे चीर पायली काय, हे रिसोड रोडच्या गिट्टीची... डाक्टर एक्स-रे दाखवते ना उजेडात धरून, तसं! मी म्हटलं, भाऊ, सूत दिसून राह्यलं हो, बदलून टाका. मायावरच उखडले. घरात उभं राहून नाही झिजलं थे!

अन् मंग शर्यत आली. वाशीमहून रिसोड अन् परत. आदल्या दिवशी वर्षाराणी सकाळीच सरावाले गेली थे येयेचना. ऊन वर चढलं. रंगूबाई दारात जाये, रस्ता पाहे, आत येये, कढईतलं जळे, परत दारात जाये. शेवटी आली... पायी. सायकल खांद्यावर, कोपर सोललेलं, अन् थे पांढरं औषध पाठीभर उडालेलं. रंगूबाईनं सुनेले बाजेवर बसवलं, पानी देल्लं, हळद आनली. अन् पुंजाजीभाऊ आपले खांबासारखे उभे.

वर्षाराणी त्याईच्याकडे पाहून एवढंच म्हने, 'मामाजी, सपाटीवर फुटलं म्हनून बरं. उतारावर फुटलं असतं तं तुमी कोनाले दाखवलं असतं?'

रागानं नाही हो, साध्या आवाजात. पुंजाजीभाऊ आत गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. नवं टायर दोन्ही हातानं धरून बाहेर आले, अन् सुनेच्या समोर जमिनीवर बसले.

आता बसवाचं म्हंजे सोपं वाटते तुमाले? टायरची कड रिमात घट बसली तरच हवा राह्यते, ट्यूब नाही ना आत! विकासनं पंप मारला, फुस. पुंजाजीभाऊनं मारला, फुस. म्या मारला, माया कमरेतूनच फुस निंगाली. शेवटी सगळी वरात भाऊसिंगच्या दुकानात, ट्रॅक्टरचे टायर भरते तथी. भाऊसिंगनं मशीनची हवा एकदम सोडली अन् ठो... ठो! कड बसली, पन रंगूबाईनं दचकून नवऱ्याचा हात असा धरला, असा धरला... इतक्या वर्साच्या संसारात चारचौघात पह्यल्यांदा, सांगून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी आमी सारे वाशीमले. पुंजाजीभाऊ निरा हात जोडून उभे. अन् आली हो पोरगी! बायाईत दुसरी, अन् मांग किती गडी राह्यले इचारू नका, सोललेल्या कोपराले पट्टी बांधून, पायडल मारत, दात खाऊन आली. बाजूच्या बाईनं इचारलं, कोनाची पोरगी हो? तं रंगूबाई, थेच रंगूबाई, ताठ मानेनं म्हने, 'माई पोरगी.' सून म्हनाचंच इसरली. पुंजाजीभाऊ तिकडं तोंड फिरवून दुपट्ट्यानं डोळे पुसून राह्यले व्हते, म्हने धूळ गेली.

घरी आल्यावर पुंजाजीभाऊ जुनं टायर पाह्यतात तं गायब. गोठा पायला, उकंडा पायला, आता बायकोनं चुलीत घातलं म्हनून हळूच समोरच्या खोलीत डोकावले... तं टायर भिंतीवर. साबनानं धुतलेलं, झेंडूचा हार घातलेलं, अन् रंगूबाई शेजारच्या बायाईले अंगठा लावून दाखवून राह्यली. घरात उभं राहून नाही झिजलं थे!

पन त्या खिळ्यावर पुंजाजीभाऊचा फोटो व्हता ना, फेटा बांधलेला, सत्काराचा. थो कुठी गेला? तं ट्रंकेत, गोधड्याईच्या खाली. म्या म्हटलं, भाऊ, काही बोला की. थे चाचा घोट घेऊन म्हने, 'जाऊ दे ना बाप्पा. मानसाचा फोटो काय, मेल्यावर लावतीनच.'