पोटदुखीचं सोंग

न्हाय हो अण्णा, मला काय सुदीक झालेलं न्हाय. पोट धरून आलतो, कन्हत आलतो, हे खरं — तुमी बघितलंसा, साऱ्या व्हरांड्यानं बघितलं. पन ते सोंग हुतं. दुखनं तिचं हाय. मघाशी नर्सबाईनं ‘मालुबाई’ म्हनून हाक मारली आनि माझा दंड धरून बसलेली बाई उठून आत गेली न्हवं का, ती आमची घरातली. जाताना तिनं माझ्याकडं कसं बघितलं तेबी तुमी बघितलं असंल. तिला आत्ता कळलं, दवाखाना माझ्यासाठनं न्हाय, तिच्यासाठनं हाय म्हनून. हाक मारंपतोर तिला वाटत हुतं, नवऱ्याच्या पोटात गोळा उठलाय. जांबोटीच्या वरल्या अंगाला आमचं गाव — तिथनं खानापुरापतोर गाडीत कन्हलो, खानापुरातनं बेळगावापतोर आगगाडीत कन्हलो, आनि ही आपली सारखी ओवा चारतीया, पोट चोळतीया. समोरचा एक पागोटंवाला म्हनतोय, गरम इट शेका. दुसरा म्हनतोय, हिंग लावा बेंबीला. मुलखाला अक्कल न्हाय बघा. मानूस चांगला धडधाकट, आनि जो तो आपला वैद्य.

आनि तिला तरी काय झालंय? काय न्हाय. बायकांचं असतंय, अण्णा — आज हात, उद्या पाठ, परवा आनि कुठं. कान किटले माझे. म्हनून म्हनलं, एकदा दाखवून टाकू, म्हंजे तोंड बंद हुईल.

तसं म्हनशीला तर दोन सालांमागं खरंच झालतं. छातीत गाठ. सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. ह्याच दवाखान्यात आनलं. ही गोरी डाक्टरीन म्हनली, आख्खं थान काढाय लागंल, काखेतल्या गाठीबी काढाय लागतील, न्हायतर बाई ऱ्हात न्हाय. मी म्हनलं, काढा. काढल्यावर मग गावाची अक्कल सुरू झाली. आमचा धाकटा भाऊ, मष्णू — त्यो मला शेताच्या बांधावर गाठून म्हनतोय, दादा, कापलेली बाई घरात ठेवून काय करतोस, दुसरी कर. म्हनलं, मष्ण्या, बैलाचं शिंग मोडलं तर बैल इकतोस व्हय रं? तर म्हनतोय कसा, इकतोय की! आता असल्या मानसाला काय बोलायचं? त्याच्या गोठ्यात बैल ठरत न्हाय ते उगंच न्हवं. आनि त्याची बायको, जयाबाई, ती तर हिच्या हातचं पानी पिईना. रोग लागतोय म्हनं. म्हनलं, जयाबाई, तुझी जीभ एवढी कडू, रोग तुझ्या जवळपास तरी फिरकंल का गं? तवापास्नं माझ्याशी बोलत न्हाय. बरंच झालं. तेवढाच गोंधळ कमी.

तर जखम भरली. रंग आला तोंडावर. पुढल्या साली ही रोप लावायला सगळ्यांच्या ओळीत उभी. मी म्हनलं, संपलं.

कसलं संपतंय. आता ह्या सालचा पावसाळा. आमच्याकडं चिखलात गवताइतक्या जळवा असत्यात — तुमी निपानीकडचं तंबाखूवालं, तुमास्नी ठावं नसंल. ही लावनीत वाकलेली, आनि शेजारची बाई केवढ्यांदा वरडली. बघतोय तर हिच्या दंडाच्या आतल्या अंगाला जळू. अंगठ्याएवढी फुगलेली, रगात कोपरापतोर वघळतंय, आनि हिला पत्ता न्हाय! रोप लावतीया आपली. मी म्हनलं, अगं, म्हशीला माशी बसलेली कळती, तुला जळू कळंना? तर म्हनली, “तिथलं अंग माझं न्हायच जनू. हात लावला तर दुसऱ्या कुनाला लावल्यागत वाटतंय.” आता हे काय बोलनं हाय? अंग आपलं, कातडं आपलं, आनि म्हनं दुसऱ्याचं. जळू मी मिठानं पाडली — व्हय, मेली. तुमी जैन लोक, तुमास्नी ऐकायला बरं वाटायचं न्हाय, पन त्या टायमाला मला दुसरं सुचलं न्हाय.

मग हात तापला, लाल झाला, थंडी भरली. ताप उतरला, पन सूज काय उतरंना. बोटांपास्नं खांद्यापतोर हात असा, दुधी भोपळ्यागत. दाबलं की बोटाचा खळगा पडतोय, तसाच ऱ्हातोय. हातातल्या हिरव्या बांगड्या मांसात रुतल्या. मी त्या फोडाय घेतल्या, तर जयाबाई — बोलत न्हाय मघाशी म्हनलं न्हवं, त्या दिवशी बोलली — दारातनं बोंबलतीया, नवरा जिता असताना बांगड्या फोडत्यात व्हय! म्हनलं, जयाबाई, जिता नवरा मीच हाय आनि फोडतोयबी मीच, तू कशाला सुतक धरतीस? कापडाची घडी खाली घालून एक एक फोडली. एक काच लागू दिली न्हाय तिला.

आनि आमचा भरमा वैद्य! त्यानं हात बघितला, डोळं झाकलं, मान हालवली, आनि म्हनतोय, नासकं रगात साचलंय, जळवा लावाय पायजेत. आरं भाड्या, एका जळवंनं ही गत झाली, आनि तू म्हनतोस आनखी लाव! असला वैद्य. त्याच्या सोताच्या गुडघ्याला ह्याच्या लेपानं गुन येत न्हाय, पन ऐट बघा तर — जसा काय धन्वंतरीचा जावई.

पन खरं हसू कशाचं येतंय सांगू? खाजंचं. जे थान कापून टाकलंय न्हवं, तिथं हिला खाज उठतीया. काय म्हनायचं? मी म्हनलं, घर पाडून दोन सालं झाली आनि तू म्हनतीस दार वाजतंय! हसलो. तीबी हसली. पन खाज काय जाईना — काम करता करता मधीच थांबायची, दात खायची. एकदा म्हनली, तुमी तरी बघा खाजवून. म्हनून मग खाजवलं. सपाट जागा हो, शिवन घातलेल्या पोत्यागत. म्हनली, तिथं न्हवं, वर. मी वर गेलो, तर म्हनली, आनि वर. आता वर म्हंजे — वर काय न्हायच की अण्णा, निस्तं वारं हाय. तर मी वाऱ्यातच बोटं हालवली. एवढ्या लांब धरून, असं, जिथं ते पयलं असायचं तिथं. आनि म्हनली, आता बरं वाटलं. डोळं झाकून बसली किती तरी येळ —

हे तुमास्नी कशाला सांगतोय मी? बायकांचं खूळ, दुसरं काय.

काय म्हनलंसा? लई तक्रार करती काय म्हनून? व्हय तर — म्हंजे, तक्रार अशी न्हाय. तोंडानं काय बोलत न्हाय ती. मघाशी म्हनलं व्हय, कान किटले म्हनून? म्हनलं असंल. बोलत न्हाय, पन दिसतंय की! घागर कमरंवरनं उतरवली की चौकटीला पाठ लावून उभी ऱ्हाती. हितं, पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधी दुखतंय तिच्या. भाकरी थापताना मधीच सरळ हुती. मी काय दिसभर बायकोकडं बघत बसतोय व्हय? बसतोय. काय करू? आता पानी मीच आनतोय. गाव हसतंय — नागोजी बाईगत घागर व्हातोय म्हनून. हसू द्या. गावाला दुसरा उद्योग काय हाय?

त्याचं असं झालं. खानापूरच्या बाजारात एक भांडीवाला भेटला, परशराम म्हनून. त्याच्या मेव्हणीचं हेच दुखनं, हिच्यागतच कापलेलं. चांगली हिंडत फिरत हुती म्हनं, आनि एक दिस पाठ धरली. पाठ धरली म्हंजे सगळ्यांनी म्हनलं वात हाय, तेल लावा. तेल लावता लावता हातरुनाला खिळली, आनि सुगी काय तिनं बघितली न्हाय. रोग हाडात उतरलता. असलं सांगायचं असतंय व्हय, अण्णा, बाजारात, भांडं टिचकी मारून वाजवता वाजवता? वर इचारतोय, तुमच्या मंडळींचं बरं हाय न्हवं? म्हनलं, लई बरं हाय. आनि घरी आलो तर ही चौकटीला पाठ लावून उभी.

तवापास्नं भाकरी गिळत न्हाय मला. पोटाचं सोंग म्हनलं, पन तेवढं काय लई अवघड गेलं न्हाय, हे खरं.

तिला म्हनलं, चल, डाक्टरनीला दाखवू. न्हाय म्हनली. परत म्हनलं. तर इळ्याला धार लावत हुती, ती खाली मान घालूनच म्हनली, “आता कापायला काय उरलंय?” मग म्हनली, “एकदा तुमच्यासाठनं गेले. परत मला त्या टेबलावर घालू नगा. काय हुयाचं ते हितं हू दे, माझ्या घरात.” मी आपला उठून गोठ्यात गेलो, बैलाला उगंचच शिव्या घातल्या.

आनि चार दिसांनी भरल्या कापनीत, ओळीच्या मधी, पोट धरून आडवा झालो. कुनी म्हनलं जेवान बाधलं, मष्णू म्हनला ढोंग हाय — जल्मात एकदा खरं बोलला, त्योबी चुकून. आनि ही? सोताच्या दुखन्याला हिला उसंत न्हवती. पन मला पडलेला बघितला आनि इळा तितंच टाकला. उभं भात टाकून, लुगड्याचा चिखल झाडत, ती गाडी जुंपाय सांगतीया! वाटंनं सारी त्या सुजल्या हातानं माझं पोट चोळत आली. मी डोळं झाकून कन्हतोय. खरं सांगतो, मधी मधी कन्हायचं सोंग न्हवतं ते.

भ्या? मला कशाचं भ्या वाटतंय? तुमच्या आईला डोळ्यासाठनं न्हाय का आत घातलंय — तुमी कुठं भ्यालाय? तसं डोळ्याचं काय हो, डोळं दोन असत्यात, एक गेला तर दुसरा —

ऱ्हाऊ द्या. तोंडाला हाड न्हाय माझ्या. बरा हुईल त्यांचा डोळा.

लई येळ लावला न्हाय आत? मागच्या टायमाला डाक्टरीन सोता भाईर आलती. ह्याच बाकावर, हितं, माझ्याजवळ येऊन बसली, आनि मोडक्या मराठीत बोलाय लागली. वाईट असलं की सोता येत्यात ते. बरं असलं की नर्स धाडत्यात. हे माझं गनित हाय, खोटंबी असंल. दार वाजलं का? कोन हाय बघा हो अण्णा, मला हितनं दिसंना — डाक्टरनीचं पांढरं हाय का? पांढरं न्हाय? लुगडं हाय?

आमचीच हाय.

एकटीच? ये. काय म्हनली ती?... अगं सांग की. रागावलीस, ठावं हाय, राग मागनं काढ, आधी सांग... पानी? निस्तं पानी भरलंय?... काखेतल्या गाठी काढल्या म्हनून पान्याला उतरायला वाट न्हाय ऱ्हायली. म्हंजे त्यो रोग न्हवं. न्हवं न्हवं? परत एकदा सांग... आनि पाठ? पाठीचं सांगितलंस का झाकून ठेवलंस?... हाडं दाबून बघितली. सगळी?... दुखरा हात सांभाळून एकाच अंगानं वझं व्हायलंस म्हनून आखडलीया. आनि खाज? इचारलंस खाजंचं?... लई जनींना असतीया! बघ, आनि मी हसलो. सूज मातर जायाची न्हाय म्हनं, ऱ्हाऊ दे, तिला कोन हाकलतंय. काटा, जळू, इस्तव — जपायचं. चैतात परत दाखवायचं. दाखवू की. न दाखवाय काय झालं?

ऐकलंसा, अण्णा? मी मघापास्नं काय सांगत हुतो? काय न्हाय म्हनून! ह्या बाया उगंच... उगंच मानसाला...

तू बस. उभी का? बस हितं. हात असा लोंबता सोडू नगो, डाक्टरीन म्हनली न्हवं वर धर म्हनून? मग धर. दुखतोय व्हय धरून? हितं टाक. माझ्या खांद्यावर. टाक गं, कोन बघतंय हितं आपल्याला?

अण्णा, तुमी वाईच तिकडं तोंड करून बसा.