रामशेजवर मागे राहिल्याबाबत

विषय — सावळीराम थेटे, वय त्रेसष्ट, हे डोंगर चढण्यास सक्षम असल्याचा दाखला मिळणेबाबत. संदर्भ — गेल्या रविवारचा रामशेजचा ट्रेक आणि त्यानंतरचे आमच्या मालकांचे तोंडी आदेश. हो डॉक्टर, साध्या भाषेतही सांगतो, पण चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, विषय आणि संदर्भ झाल्याशिवाय घशातून पुढचं निघत नाही — नाही, घसा ठीक आहे, घसा नका तपासू. गुडघेही ठीक. मला काहीच झालेलं नाही, तीच तर अडचण आहे.

निवृत्तीनंतर मी घरी बसून स्वयंपाकघराच्या कारभारात सूचना करू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, चंद्रभागेनेच, मला दुसरी नोकरी शोधून दिली. पिंपळगावला द्राक्षं परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, तिथे मी कागदपत्रं बघतो. बाकी सगळे तिशीच्या आतले. आमच्या साहेब निकिता मॅडम — अठ्ठावीस वर्षांच्या, माझी मुलगी पूजा त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी, पण साहेब म्हणजे साहेब. त्यांनी ठरवलं, सीझन सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी मिळून एक डोंगर चढायचा. कशासाठी? तर टीम तयार होते म्हणे. आमच्या वेळी टीम चहाच्या टपरीवर आपोआप तयार व्हायची आणि साहेब दिसले की आपोआप मोडायची. असो. आयुष्यातला पहिला ट्रेक, मी नवे बूट घेतले, आणि रविवारी सकाळी साडेसहाला आशेवाडीत, किल्ल्याच्या पायथ्याशी हजर झालो. डिस्पॅचचा समाधान साध्या चपलांवर आला होता. तो आणि बाकीची पोरं बघता बघता वर दिसेनाशी झाली. मागे उरलो मी आणि मॅडम.

आता लक्ष द्या, घोळ इथेच आहे. आमच्या कचेरीत एक शिस्त होती — साहेबांच्या पुढे चालायचं नाही. लेखी नव्हती, म्हणूनच कडक पाळली जायची. पाहणीला कुठेही गेलो तरी साहेब पुढे, मी फाईल घेऊन चार पावलं मागे. साहेब थांबले की थांबायचं. का थांबले, ते विचारायचं नाही — विचार करत असतील, किंवा आडोसा शोधत असतील. ही सवय पायात उतरली हो. डोक्यात असती तर निवृत्तीच्या दिवशी टेबलाच्या किल्ल्यांबरोबर परत केली असती. तर मॅडम वीस पावलं चढल्या आणि थांबल्या. मी थांबलो. त्यांनी मागे पाहिलं, मी अदबीने जमिनीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, काका, घ्या जरा दम. साहेबांनी दम घ्यायला सांगितला — घेतला. पुन्हा वीस पावलं, पुन्हा तेच. असं सात वेळा. गावातल्या एक आजी शेळ्या घेऊन आम्हाला ओलांडून गेल्या. आजींनी नाही, पण शेळ्यांनी वळून बघितलं.

आठव्या वेळी मॅडम दगडावर बसल्याच. म्हणाल्या, "थेटे काका, तुम्ही पुढे का जात नाही?"

"मॅडम, आपण पुढे."

"अहो, मी तुमच्यासाठी थांबतेय."

"आणि मी आपल्यासाठी."

मग त्या जे हसायला लागल्या — आणि हसता हसता असा दम लागला त्यांना, की खरी धाप कुणाची ते मला तेव्हा कळलं. चेहरा टोमॅटोच्या क्रेटमधे मिसळून गेला असता. कबूलही केलं त्यांनी. वर्षभर खुर्ची, फोन आणि कंटेनर. पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टने. ट्रेक काढला त्यांनी, आणि पहिल्या चढालाच पाय बोलायला लागले. म्हणाल्या, "वर सांगू नका हं, काका." मी कशाला सांगतोय? साहेबांचा उशीर कारकुनाच्या नावावर टाकायची पद्धत मला नवी नाही. माथ्यावर पोचलो तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. समाधान म्हणाला, काका, पोहे खाऊन आम्हाला परत भूक लागली. मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, वय झालं रे बाबा. मॅडम टाक्यातलं पाणी फार बारकाईने बघत होत्या.

प्रकरण तिथे निकाली निघायला हवं होतं. पण समाधानने माझा छातीवर हात ठेवलेला फोटो ग्रुपवर टाकला, मालक शेखरभाऊंनी तो पाहिला, आणि आता येत्या रविवारी हरिहर किल्ल्यावर जायचं तर आदेश निघाला — साठीच्या वरच्या कर्मचाऱ्याने डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज करावा. साठीच्या वरचा कर्मचारी एकूण एक आहे. चंद्रभागेनेही तो फोटो पाहिला. तेव्हापासून मला सिलिंडर उचलू देत नाही — त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

एवढं का जायचंय? हवा चांगली असते. झाडं असतात... बरं, तुम्ही नळी छातीला लावलीय, खोटं कशाला बोलू. त्या हसण्यानंतर आम्ही राजरोस थांबत गेलो. एका थांब्यावर मॅडमनी विचारलं, काका, आवक-जावक म्हणजे नक्की काय करायचात? चौतीस वर्षांत मला एकच प्रश्न विचारला गेला — फाईल कुठे आहे? मी सांगत सुटलो. एका बाईंच्या पेन्शनचं पत्र कपाटामागे पडलेलं सापडलं, ते घेऊन मी रजा टाकून सिन्नरला कसा गेलो, ते सांगितलं. चंद्रभागेलाही माहीत नाही ते. दम लागलेला माणूस उठून जात नाही, हे मला कळतं. पण त्यांनी पुढचंही विचारलं — मग त्या बाई काय म्हणाल्या? हे कुणी विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. हे... हे लिहू नका हं तुम्ही.

काय? अगदी फिट? बघा, म्हटलं नव्हतं — थांबा. थांबा, सही करू नका. फिट लिहिलंत तर शेखरभाऊ विचारणार, मग त्या दिवशी अडीच तास कुणामुळे लागले? मागे आम्ही दोघंच होतो. अनफिट लिहिलंत तर मी घरी, आणि मॅडम हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांखाली एकट्या — त्या कुणासाठी थांबायच्या? असं लिहा ना — सक्षम, मात्र थांबत थांबत. नाही लिहिता येत? कुठलं कलम आड येतं?

मॅडमना विचारू? त्यांच्याच तोंडावर — मी खरं सांगू का म्हणून? साहेबांना असं कुणी... हो, त्यांनी मला विचारलं होतं, तेही खरं.

बरं. उद्या विचारतो. दाखला तोवर तुमच्याकडेच ठेवा. बाहेर पेशंट खोळंबलेत, उठतो मी. नोंद एवढीच ठेवा — अर्ज सोमवारी दिला आहे. दाखला जोडलेला नाही. मॅडमना विचारायचं बाकी आहे. अर्ज प्रलंबित.