चार बोटांची पट्टी

एलेनाच्या आईनं विणलेलं शेवटचं कापड मी कापलं. एलेना नको म्हणाली होती तरी कापलं, आणि वर स्वतःवर खूष झालो.

मी मूळचा मिरजेचा, कटिंग मास्तर. चाळीस वर्षं शर्ट-पँटी कापल्या. कापडाचं ठाण उलगडलं की आधी दोष शोधायचा, तो बाजूला टाकायचा आणि मगच खडू लावायचा, हे असं अंगात मुरलेलं की घरी ताटात भाकरी आली तरी माझी नजर पहिली फाटलेल्या काठावर. मुलगा इकडं अमेरिकेत, पार्सिपनी गावात, आयटीत, त्यानं आम्हा नवरा-बायकोला बोलावून घेतलं, आणि काय सांगू तुम्हाला, एवढ्या मोठ्या घरात मला कापायला काय, तर कोथिंबीर. मग त्याच्याच ओळखीनं एलेनाकडं लागलो. ती पेरू देशातली, पार डोंगरातली, फॅशन डिझायनर. तिच्या गावच्या बायका कमरेला माग बांधून विणतात, ती कापडं मागवायची आणि कात्री न लावता, नुसत्या घड्या घालून, टाके घालून त्यांचे कोट करायची. म्हणजे कटिंग मास्तरला कटिंग सोडून सगळं काम.

त्या दिवशी कापड टेबलावर ठेवून म्हणाली, मास्तर, नो कट, नुसतं माप घ्या, मी बटणं घेऊन येते. बघतो तर लालभडक कापड, नक्षी अशी की नजर ठरेना, आणि बरोबर मध्ये चार बोटं रुंद आडवी पट्टी, तिथं सगळी नक्षी दाटलेली, वाकडी. म्हटलं, पोरीच्या लक्षात आलेलं नाही, आपण निस्तरू. काढली पट्टी, टाकली मागच्या दारच्या मोठ्या कचऱ्याच्या डब्यात, बाह्या जोडायचे मुंढेही कापून ठेवले, आणि बसलो शाबासकीची वाट बघत.

ती आली. ओरडली नाही हो. एवढंच विचारलं, मधलं कुठाय? कचऱ्याचा ट्रक नुकताच येऊन गेलेला. तरी ती मागं धावली, त्या मोठ्या रिकाम्या डब्यात कमरेपर्यंत वाकून हात फिरवत राहिली, फिरवतच राहिली, आणि मी मागं उभा, हातात कात्री तशीच.

नंतर तिनं सांगितलं. दोन्ही टोकांकडून विणत आणतात, शेवटी मध्ये माग चालायला जागा उरत नाही, मग सुईनं एकेक धागा घालून मिटवतात, म्हणून नक्षी तिथं दाटते. बाकीचं कापड गावातल्या कुणाचंही वाटेल, तेवढ्या जागी मात्र आई ओळखू यायची. आई जाऊन तीन महिने झालेले.

त्याचा कोट झालाच नाही. दोन तुकडे भिंतीवर टांगलेत, मध्ये चार बोटं जागा सोडून. मी समोर बसून टाके घालतो, मान वर केली की ती जागा. एलेनानं मला काढलं नाही, का ते विचारायचा धीर होत नाही. आता नवीन कापड आलं की मिटवलेली जागा मला शोधायला लावते, आणि कोट असा घडवते की ती छातीवर यावी. परवा म्हणाली, मास्तर, तुमच्यासारखी नजर कुणाची नाही. मी ते घरी येऊन सांगितलं. आमची ही सकाळी डबा हातात देताना म्हणाली, नजर पहिल्यापासूनच होती, अक्कल नव्हती. कात्री घरी ठेवून जा.