शांताबाईंचा नवा गुडघा

हसू नका, पण गुडघा बदललेल्या पेशंटले फोन करून त्रास विचारायची मले आता भीती वाटते. ऑपरेशनले वर्ष झालं की आम्हा नर्सांना हॉस्पिटलले रिपोर्ट द्यावा लागते, म्हणून काल खाप्याच्या शांताबाईंकडे फोन लावला. त्यांच्या पोराने उचलला.

"आईचा गुडघा कसा आहे?"

"एकदम चकचकीत, मॅडम."

"हलवल्यावर आवाज येते का?"

"येते ना. रोज नळ यायच्या टाइमले. आई तेव्हाच उठे पाणी भराले."

"आता नाही उठत?"

"आई दिवाळीतच गेली. राख सावडताना स्टीलचा गुडघा तसाच सापडला. कन्हान नदीत सोडायचं मन नाही झालं, आलमारीत ठेवला."

"दादा, मग त्याले हलवते कोण?"

"तेच तर तुमच्या डॉक्टरले विचाराचं होतं."