चासीवरचे आकडे माझ्या हातचे

मी, परिसरात 'गेटवाले' म्हणून ओळखला जाणारा, वय एकसष्ट वर्षे, शिक्षण सहावीपर्यंत, धंदा लोखंडी गेट व जाळ्या बनवण्याचा कारखाना, राहणार कारखान्याच्या मागच्या घरात, आज पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता हजर राहून समक्ष सांगतो की,

वरील ठिकाणी मी, माझी पत्नी व धाकटा मुलगा असे तिघे राहतो. मोठा मुलगा मागच्या वर्षी जीप उलटून वारला. आज ज्या जीपची चौकशी चालू आहे, ती हीच. धाकट्याला सध्या या ठाण्यात पलीकडच्या खोलीत बसवून ठेवले आहे. जीपच्या चासीवरचा नंबर हाताने ठोकलेला आहे, म्हणजे गाडी चोरीची असावी, असा त्याच्यावर संशय आहे. नंबर आपण स्वतः ठोकला, असे त्याने साहेबांना सांगितल्याचे मला कळले. ते खोटे आहे. ते आकडे मी ठोकले.

जीप दोघा भावांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातून आणली. कागद मोठ्याच्या नावावर असून ते मी हजर केले आहेत. इंजिनवरचा नंबर कागदाशी जुळतो, तो साहेबांनी पाहिला. दोघांनी मिळून तिचे छप्पर कापले, स्प्रिंगा उंच केल्या, मोठे टायर चढवले. मी म्हणायचो, "अरे, गाडी करताय की उंट?" मोठा म्हणायचा, "बाबा, तुम्ही गेटच करा. ते बसवलं की बसतं, कुठे जात नाही." असे आमच्यात चालायचे.

अपघाताच्या दिवशी दोघे मिळून जाणार होते. एका गिऱ्हाइकाकडे गेट बसवायचे राहिले होते, म्हणून धाकट्याला मी थांबवून घेतले. मोठा एकटा गेला. वळणावर गाडी उलटली. त्या अपघाताचे कागद याच ठाण्यात आहेत, म्हणून जास्त सांगत नाही.

त्यानंतर माझे व धाकट्याचे भांडण झालेले नाही. बोलणेही झालेले नाही. कारखान्यात मी माप सांगतो, तो कापतो. घरात सगळे पत्नीमार्फत चालते. "त्यांना म्हणावं, जेवून घ्या." "त्याला म्हणावं, तू बस, मी येतो." हे बोलताना आम्ही तिघे एकाच खोलीत असतो. पत्नी एकदा म्हणाली, "मी काय पोस्टखातं आहे का तुमचं?" हे लिहायची गरज नाही, असे हवालदार म्हणाले. मी लिहायला सांगितले, कारण त्याशिवाय पुढचे कळत नाही.

जीप घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. काही महिन्यांनी एका सुट्टीच्या दिवशी धाकट्याने ताडपत्री काढली. कोणाला विचारले नाही. गाडीचे सगळे ओझे ज्या दोन लांब लोखंडी दांड्यांवर असते ती चासी. तिचा उजवा दांडा पुढच्या बाजूला दुमडला होता. ती बाजू चालवणाऱ्याची.

मी शेडमध्ये गेलो नाही. माझ्या खोलीची व शेडची भिंत एकच आहे. वेल्डिंगच्या धंद्यात माझे डोळे अधू झाले, कान शाबूत आहेत. पलीकडे काय चालले आहे ते मला पडल्या पडल्या कळते. धाकट्याने जमिनीत खांब रोवला, साखळी लावली, जॅकने दांडा ओढायला घेतला. ओढायचा, ठोकायचा, परत ओढायचा. लोखंडाला एकदा घडी पडली की ते हातोड्याखाली बद्द वाजते. तसे ते वाजत होते. त्यालाही ऐकू येत असणार, माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे. तरी तो कित्येक रविवार तेवढाच भाग ठोकत राहिला. शेवटी मी पत्नीला म्हणालो, "त्याला म्हणावं, ते सरळ होणार नाही. कापायला लागेल." ती जाऊन सांगून आली. मग ग्राइंडर सुरू झाला.

त्याने दुमडलेला तुकडा कापून त्या जागी नवीन चॅनल, म्हणजे पन्हळीसारखा लोखंडी दांडा, लावला. चॅनल पक्का करण्याआधी चासी चौकोनात आहे की नाही ते बघतात. त्यासाठी पुढच्या कोपऱ्यापासून मागच्या, विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुतळी धरतात, मग दुसऱ्या बाजूने तशीच. दोन्ही मापे सारखी यावी लागतात. हे एकट्याला जमत नाही. त्याने आईला हाक मारली. पत्नी चूल सोडून उठली नाही. म्हणाली, "मला कुठे दिसतंय तिथलं? तुम्ही जा." तेव्हा मी गेलो.

मी सुतळीचे एक टोक धरले. "किती?" असे मी विचारले. "सारखं," तो म्हणाला. "परत बघ." "सारखं आहे." एवढेच आमचे बोलणे झाले. मी परत येऊन पडलो.

त्याने वेल्डिंग केले ते मी भिंतीतून ऐकले. तेलात काही मंद तळावे तसा एकसारखा आवाज होता. थोडे इकडे, थांबायचे, थंड होऊ द्यायचे, मग थोडे समोरच्या अंगाला. घाई नाही. घाई केली की लोखंड ताण धरते.

कापलेला तुकडा शेडमध्येच पडला होता. दुसऱ्या दिवशी धाकटा बाहेर गेला असताना पत्नी तो तुकडा मांडीवर घेऊन बसलेली मला दिसली. पदराने त्यावरची माती पुसत होती. मी तो तिच्याकडून घेतला. भंगारवाल्याची गाडी त्या दिवशी यायची होती, तीत टाकायचे ठरवले.

आमच्या कारखान्यात मोठ्या गेटच्या प्रत्येक भागावर खुणेचा आकडा असतो. भाग बदलला की जुन्यावरचा आकडा नव्यावर ठोकायचा आणि मगच जुना भाग बाहेर जाऊ द्यायचा, अशी पद्धत मीच घातलेली आहे. तुकडा हातात होता. त्यावर चासीचा नंबर होता. मी नंबर पंचांचा, म्हणजे लोखंडावर आकडे उमटवायच्या पोलादी ठशांचा, डबा आणला, तो नंबर जसाच्या तसा नव्या चॅनलवर ठोकला आणि तुकडा भंगारात दिला. तो एव्हाना भट्टीत गेला असेल. गेटवर आकडा ठोकणे व चासीवर ठोकणे यांत कायद्याने फरक आहे आणि आधी परवानगी घ्यावी लागते, हे मला आज समजले. धाकट्याला मी काहीच सांगितले नाही. त्याने नंतर आकडे पाहिले असणार. वरून रंग मारला.

रंग मारून तो स्वतःच गाडी परिवहन कार्यालयात तपासणीला घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी रंग खरवडला व पुढचे सगळे झाले. चोरीची गाडी स्वतःच्या पायाने तपासणीला नेतो, असा चोर मी तरी पाहिलेला नाही.

आकडे माझ्या हातचे आहेत याचा पुरावा असा की, मी पंचावर एकच घाव घालतो. धाकटा दोन हलके घाव घालतो, त्यामुळे त्याच्या आकड्याची कड दुहेरी उमटते. मी त्याला यावरून खूप वेळा टोकले आहे. चासीवर एकही कड दुहेरी नाही. आम्हा दोघांना साक्षीदारांसमोर लोखंडी पट्टीवर आकडे ठोकायला लावावे, म्हणजे कोणाचे हात ते कळेल.

हा जबाब चालू असताना पलीकडच्या खोलीतून धाकटा म्हणाला, "साहेब, त्यांचं ऐकू नका. त्यांना साखर आहे, गोळीची वेळ झाली असेल, त्यांना घरी पाठवा." मी हवालदारांना म्हणालो, "त्याला म्हणावं, गोळी घेऊन आलोय." हवालदार म्हणाले, "काका, तुमचे निरोप आता मी न्यायचे का?" साहेबांनी दोघांनाही मुद्द्यावर यायला सांगितले.

साहेबांनी विचारले की, घरच्या शेडमध्ये जोडलेली चासी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का, की पुन्हा कोणाचा जीव जाईल. त्यावर सांगतो की, आकडे ठोकण्याआधी मी तो सांधा हातोडीने वाजवून पाहिला. जुने लोखंड आणि नवे लोखंड एका आवाजात बोलते. चाळीस वर्षे मी हेच काम करतो, इतका चोख सांधा माझ्याही हातून झालेला नाही. मोठा असता तर त्या गाडीत त्याला मी स्वतः बसवून दिले असते. धाकट्याची त्या गाडीत आणि त्या दिवसात कसलीही चूक नाही. हे मी त्याला आजवर बोललेलो नाही. गुन्हा असेल तर तो आकड्यांचा आहे व तो माझ्यावर नोंदवावा, त्याला घरी जाऊ द्यावे. त्याची आई जेवलेली नाही.

जबाब मला वाचून दाखवताना मोठ्याने वाचावा व मधले दार उघडे ठेवावे, अशी मी विनंती केली, ती हवालदारांनी मान्य केली. सांध्याबद्दलचा मजकूर पलीकडे नीट गेला नसावा असे वाटल्याने तो मी पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे, त्यात काही वाढवायचे नाही, काही कमी करायचे नाही.

समक्ष सही.