अंगावरचे टाळकरी

लंकाबाई : न्हाई म्हंजी न्हाई! ही घ्या तुमची फवाऱ्याची बाटली. तुमच्या जंतूंनी पोरगी पार सोलून निघाली, डाक्टरबाई. बघा तरी ह्ये कोपर.

डॉ. देवश्री : थांबा, लंकाबाई. जया, हात दाखव बाळा. अगं, मागच्या खेपेला इथली कातडी मऊ पडायला लागली होती. परत कशी फुटली?

जया : लई खाजतंय.

लंकाबाई : नगं खाजवू! हिचे हात धरून रातभर बसती मी. इसबावर मलमं झाली, झाडपाला झाला, नवस झालं. सासूबाई हिचं ताट बी यगळं मांडत्यात. अन् भाईर टेम्पो उभा हाय, टोळी भरून. कोपरगावला ऊस तोडायला चाललो. त्या पाचटात हिचं काय हुईल?

डॉ. देवश्री : पाचटात नाही नेता येणार तिला. आणि तिथे फडावरच्या झोपडीत, त्या कोपीत, ही बाटली थंड कुठे ठेवणार?

लंकाबाई : हितं केशरबाईच्या डेअरीत फ्रिज हाय, तितं ठिवत हुते. पन उपेग काय झाला?

डॉ. देवश्री : हिच्या अंगाला वास कसला येतोय? फरशी पुसायच्या औषधासारखा.

जया : आई रोज पहाटं त्याचीच आंगूळ घालती.

लंकाबाई : गप गं! ...जंतू मारायचं औषद हाय. दुकानातनं आनलं. बादलीत टाकती.

डॉ. देवश्री : फवारा मारायच्या आधी?

लंकाबाई : मागनं. रातच्याला फवारा, पहाटं आंगूळ. काकडा चालू हाय न्हवं? हिला टाळ वाजवायचं लई याड. तुमीच म्हनलात, बाटलीत जित्ते जंतू हायती. तसलं घिऊन पोर इट्टलापुढं कशी हुबी करू? सोवळंओवळं काय हाय का न्हाई?

डॉ. देवश्री : अरे देवा! अहो, ते धुवायचे जंतू नव्हते. निरोगी माणसाच्या कातडीवरचे आहेत, चांगले. तुमच्या अंगावर आहेत, माझ्याही. हिच्या अंगावर वाइटांनी जागा धरलीय. हे चांगले तिथे बसले, वाढले, की वाइटांना जागा उरत नाही.

जया : पाराव पत्तेवाले बसत्यात, तसं? सप्त्यात टाळकरी आल्याव निमूट उठत्यात त्ये.

डॉ. देवश्री : अगदी तसंच गं!

लंकाबाई : म्हंजी रातच्याला टाळकरी बसवायचे, अन् पहाटं म्याच त्येन्ला हाकलून लावलं? देवासाठी? माझ्या हातानं पोर सोलली व्हय वो मी?

डॉ. देवश्री : रडू नका. मीही नीट सांगायला हवं होतं.

लंकाबाई : आता तरी गुन येईल का? खरं सांगा. खोटा धीर नगं.

डॉ. देवश्री : खात्री नाही देत. औषध अजून अभ्यासातलंच आहे. काहींना आराम पडतो, काहींना नाही. पण हिच्यावर ते अजून नीट लागूच झालेलं नाही. आधी ही फुटलेली कातडी थोडी भरू दे, मग परत सुरू करू. साध्या पाण्यानं आंघोळ, मग फवारा, आणि नंतर काही चोळायचं नाही. कुणीतरी रोज जवळ हवं.

(बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो.)

जया : आई, बा बोलावतोय.

लंकाबाई : सासूबाई हिला हात लावायच्या न्हाईत. अन् मी मागं ऱ्हायले तर कोयता अर्धा हुतो, नवराबायकू मिळून एक कोयता धरत्यात. जोडीबिगर मुकादम बजरंग जयाच्या बाला टोळीत ठिवील का, द्येव जाने.

डॉ. देवश्री : मी बोलू का तुमच्या मालकांशी, हनुमंतरावांशी?

लंकाबाई : नगं. मीच सांगती. जया, पळ, बाला म्हनावं, आईचं गठुडं उतरव. कोयता ऱ्हाऊ दे टेम्पोत, त्येला लागंल.

जया : आन् माझं?

लंकाबाई : तुझं बी. दोगींचं.

जया : मग उद्या काकड्याला त्या औषदानं न धुता जायचं?

लंकाबाई : साध्या पान्यानं धुईन तुला. पुढं फवारा सुरू झाला, की त्येन्ला बी संगं ने. टाळकरीच हायती की बाई, देवाला काय त्येंचा इटाळ?